माळ्यावरचे सहा सेल

शहागंज, ७ सप्टेंबर २०२५

करुणा,

जय भीम. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धड आहेत. तू माझा फोन उचलत नाहीस आणि मला मोबाइलवर बोटानं लिहिणं जमत नाही, म्हणून वहीचं पान फाडलं. ते आईच्या डब्याच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली ठेवलंय. तिला म्हणालो, दुकानाचं काहीतरी आहे, वाचू नको. ती म्हणाली, मला काय करायचंय वाचून. म्हणजे चितेगावची बस पैठण रोडला लागेपर्यंत तिचं वाचून झालेलं असेल.

तुझी बातमी कळली. गेल्या रविवारी तुझ्याकडून आली ती चप्पल काढायच्या आधीच सांगायला लागली, "पोरीचे सेल पास झाले. सहा महिने शून्यावर पडून होते, तरी उठले बगा. तिचे साहेब लई खूश हायेत." मी वरवर नुसतं "बरं" म्हणालो. मग दुकानात जाऊन दोन्ही बाजूच्या दुकानदारांना चहा पाजला आणि कशाचा चहा ते सांगितलं नाही. फार आनंद झाला, करुणा. आई हे तुला सांगणार नाही, कारण तिला मी दाखवलाच नाही. म्हणून मीच लिहितो.

पस्तीस वर्षं मी शिशाच्या बॅटऱ्या उघडतोय. गिऱ्हाईक येतं, बॅटरी काउंटरवर आदळतं आणि विचारतं, "सांडूभाई, मर गई क्या?" मी प्रत्येकाला एकच सांगतो, "मेली नाय, झोपलीय. उठवतो." पण शिशाच्या झोपेला मर्यादा असते. ती शून्यावर जास्त दिवस राहिली की प्लेटांवर पांढरा थर धरतो आणि मग कोणी बाप आला तरी ती उठत नाही. माझं सगळं शिक्षण एवढंच. आणि माझी मुलगी येते, कसल्या मिठातल्या धातूचे सहा सेल आणते, प्रत्येकाची दोन्ही टोकं तांब्याच्या पट्टीनं एकमेकांना जोडते, पेटी माझ्या पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवते आणि म्हणते, आता यांना सहा महिने शून्यावर राहू द्या. फेब्रुवारीत तू ती पट्टी बसवलीस तेव्हा मी दोन पावलं मागं सरलो होतो. दोन टोकं जोडायची नाहीत, हे मी तुला पाटी-पेन्सिलीच्या आधी शिकवलं होतं.

तुझ्या कंपनीच्या एसी खोलीत तुलनेसाठी त्यांचे जोडीदार सेल होते, हे मला माहीत आहे. पण राजेंद्र सरांना तू म्हणालीस, "सर, मराठवाड्यातला डीलर बॅटरी एसीत ठेवणार नाही. पत्र्याखाली ठेवेल. मग चाचणीही पत्र्याखालीच झाली पाहिजे." सर तुझ्या लॅबचे प्रमुख, तरी त्यांना ते सुचलं नव्हतं. मी तिथंच काउंटरमागं उभा होतो. तेव्हाच पाठ थोपटायला हवी होती, पण हाताला अॅसिड होतं.

तू दिलेल्या वहीत रोज दुपारी तीनला माळ्यावरचं तापमान लिहीत गेलो. तू घर सोडून गेल्यावरही एक दिवस चुकवला नाही. ऑगस्टमध्ये सर पेटीबरोबर वही घेऊन गेले. अक्षर लागलं ना? काही कमी-जास्त वाटलं तर विचार.

शिसं वितळवताना आता तोंडाला रुमाल बांधतो.

तुझा पप्पा

शहागंज, २१ सप्टेंबर २०२५

करुणा,

डबा रिकामा परत आला, पत्राला उत्तर नाही. पण पत्र पिशवीतही नव्हतं, म्हणजे तू ते ठेवून घेतलंस. तेवढ्यावर हे दुसरं लिहितोय.

काल कारभारी आला होता, तो चितेगावच्या कंपन्यांचा माल वाहणारा टेम्पोवाला. त्यानं तुझी आठवण काढली. तुला आठवतं का, पेटी माळ्यावर चढवायला त्यानंच मदत केली होती आणि वर तुला टोकलं होतं, "ताई, ही मिठाची बॅटरी लिथियमपेक्षा जड असती म्हनत्यात. मंग गाडीत कशापायी घालायची?"

तू पदवी बाजूला ठेवून पायरीवर बसलीस. म्हणालीस, "काका, नुसत्या विजेवर चालणाऱ्या गाडीला रांजण लागतो, सगळा दिवस त्याच्यावर काढायचा असतो. हायब्रीडला पेट्रोलचं इंजिन आहेच. तिला तांब्या पुरतो. ब्रेक मारला की भरायचा, चढ आला की ओतायचा, दिवसातून शंभरदा. तांब्या थोडा जड असला म्हणून काय बिघडलं? तो चटकन भरला पाहिजे अन् चटकन ओतता आला पाहिजे."

मग तू त्याला एकेक समजावलंस. शिशाला असं अर्धं भरणं, अर्धं सांडणं मानवत नाही. निकेलला मानवतं, म्हणून जुन्या हायब्रीड गाड्यांत तेच आहे, पण ते महाग. लिथियम हलकं आणि जोरदार, पण त्याला कधी शून्यावर न्यायचं नाही, आणि माल बाहेरून आणायचा. सोडियम आपल्या मिठातला. तो शून्यावर नेऊन, टोकं बांधून, ट्रकमध्ये टाकून पाठवला तरी आग लागायची भीती नाही, आणि पोचल्यावर पुन्हा उठतो. फक्त तो सहा महिन्यांनी, आपल्या उन्हाळ्यात, उठतो की नाही, हे कुणीतरी दाखवायला हवं होतं. कारभारी नववी नापास आहे. तो आता स्टँडवर सगळ्यांना रांजण आणि तांब्या सांगत फिरतो. मी पस्तीस वर्षांत कुणाला शिशाची बॅटरी इतकी नीट समजावून सांगितलेली नाही.

मार्चमधलं बोलायला हवं. तू माझं रक्त तपासायला नेलंस, रिपोर्टात शिसं निघालं, आणि तो कागद मी पेटी बघायला आलेल्या राजेंद्र सरांच्या देखत फाडला. मला राग रिपोर्टाचा नव्हता, सरांच्या देखत वाचलास त्याचा होता. मी म्हणालो, "याच शिशावर तू शिकलीस." तू म्हणालीस, "म्हणूनच." आणि दुसऱ्या दिवशी चितेगावला खोली घेतलीस. त्या एका शब्दाचा अर्थ मला लागायला बरेच महिने गेले. तू सोडियमच्या मागं का लागलीस, हे मी तोवर विचारलंच नव्हतं.

आई सांगत होती, पुढच्या महिन्यात तुझा अहवाल गाडीवाल्या कंपनीला जाणार आणि त्यावर ते पहिल्या गाड्यांची बॅटरी ठरवणार. विभाग तुझ्या हाताखाली देणार असंही ऐकलं.

एक विचारायचं होतं. समज, त्या सहा महिन्यांत मधेच कुणी सेल तीन-चार दिवस चार्ज करून पुन्हा शून्यावर आणले असते, तर अहवालात फरक पडतो का? कारभारी विचारत होता.

तुझा पप्पा

शहागंज, ३ ऑक्टोबर २०२५

करुणा,

हे पत्र डब्यातून नाही, स्पीड पोस्टानं पाठवतोय. आईनं आधी वाचलेलं मला चालणार नाही.

काल दसऱ्याला आपण दरवर्षीसारखे बुद्ध लेणीला गेलो. आपण लिहिलं खरं, पण तू नव्हतीस. भंतेजी पंचशील देत होते, सगळे मागोमाग म्हणत होते. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. मी तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. पाचवं, दारूचं, मोठ्यानं म्हणालो, कारण ते मी पाळतो. तुझ्या आईनं कोपर मारलं. "चौथं गिळलं व्हय तुमी?" म्हणालो, घसा बसलाय. म्हणजे लेणी उतरायच्या आत पुन्हा एकदा खोटं बोललो.

कारभारी काही विचारत नव्हता. तुझे सेल मी चार्जिंगला लावले होते.

अठरा मे, रविवार. तुझा वाढदिवस. सकाळी आईनं तुला फोन लावला. मी शेजारी बसून होतो. तू माझ्याबद्दल काही विचारलंस की नाही ते मला ऐकू आलं नाही, आणि आईला विचारायची माझी हिंमत झाली नाही. दुकान बंद होतं, तरी तीन वाजता तापमान घ्यायला गेलो. माळ्यावर एक्कावन्न होतं. पेटीचं झाकण उघडलं आणि सवयीनं मीटर लावला. शून्य. दुसरा शून्य. सहाही शून्य.

मला ते बघवलं नाही. तुझी घरात राहिलेली एवढी एकच वस्तू, आणि ती माझ्या पत्र्याखाली टोकं बांधून मरत पडलीय, असं वाटलं. तू एवढी हुशार, पण कुठंतरी चुकली असशील, आणि सहा महिन्यांनी पेटी उघडल्यावर सगळ्यांसमोर तुझी फजिती होईल, असंही वाटलं. पट्ट्या काढल्या. सहा सेल एकामागं एक जोडून बारा व्होल्टच्या चार्जरला लावले, सगळ्यात कमी करंटवर. बुधवारी मीटर प्रत्येकाला दोन पूर्णांक चार व्होल्ट दाखवत होता. शिशाच्या मापानं गळ्यापर्यंत भरलेले. मला इतकं बरं वाटलं की मी तिथं माळ्यावर बसून एकटाच हसलो.

मग पेटीच्या झाकणाकडं लक्ष गेलं. तुझ्या अक्षरात लिहिलेलं, हात लावू नये. तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. हेडलाइटचा बल्ब लावून एकेक सेल रिकामा केला, पट्ट्या होत्या तशा बसवल्या, आणि वहीत चारही दिवसांचं तापमान लिहिलं. ते आकडे खरे आहेत. बाकीचं मी लिहिलं नाही. सर पेटी न्यायला आले तेव्हाही नाही. तू पास झाल्याची बातमी आली तेव्हा तर तोंडाला कुलूपच लागलं.

आता तू सांगितलंस तर तुझे सहा महिने गेले, कदाचित ती जागाही गेली. हे मला कळतं. म्हणून महिनाभर मी स्वतःलाच समजावत होतो की चार दिवसांनी काय होतंय. पण उद्या शून्यावरच्या बॅटऱ्या भरून ट्रक निघतील, गोदामात सहा महिने पडतील, आणि त्या उठतात म्हणून खाली सही तुझी असेल. मी आजवर कुठल्या बॅटरीला खोटी गॅरंटी दिली नाही. तुझ्या नावावर कशी देऊ?

तू मला काय वाटेल ते बोल. फक्त हे पत्र आईला दाखवू नकोस. तिला मी आज जेवताना सांगणार आहे.

तुझा पप्पा

शहागंज, २६ ऑक्टोबर २०२५

करुणा,

आईला सांगितलं. तिनं ताट तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सांगितलं ते लई बरं केलं. पन मेल्यानं पेटी उघडलीच कशाला?" मेल्यानं म्हणजे मी.

गुरुवारी राजेंद्र सर दुकानात आले. मला वाटलं, दम द्यायला आलेत. मी स्टूल पुसून दिलं. ते बसले आणि म्हणाले, "तुमच्या मुलीनं मीटिंगमध्ये काय केलं ते तुम्हाला कळायला हवं. ती स्वतः सांगणार नाही."

मग सांगितलं. गाडीवाल्या कंपनीची माणसं बसलेली, पडद्यावर तुझा अहवाल लावलेला, सगळ्यांच्या माना डोलत होत्या. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस की हा अहवाल मी मागं घेते, चौऱ्याऐंशीव्या दिवशी माझ्या वडिलांनी सेल चार्ज केले होते. खोलीत कुणीतरी हसलं. म्हणे, "वडील बॅटरीच्या धंद्यात आहेत ना? त्यांना एवढंही कळत नाही?"

तू म्हणालीस, "कळतं म्हणूनच चार्ज केले. न कळणाऱ्यानं हातही लावला नसता."

सर म्हणाले, त्यानंतर कुणी हसलं नाही. तू पुढं म्हणालीस, चूक माझी आहे, हात लावू नये एवढंच लिहिलं, का लावू नये ते सांगितलं नाही. सांगायच्या आधीच भांडून निघाले. आणि शेवटी म्हणालीस की ही बॅटरी उद्या गावोगावच्या गॅरेजात जाईल, तिथल्या प्रत्येक चांगल्या मेकॅनिकला शून्य दिसेल, बांधलेली टोकं दिसतील, आणि तो हेच करेल. त्याची सोय आपण केलेलीच नाही.

करुणा, मी हे ऐकताना हातातला पाना खाली ठेवला आणि पुन्हा उचलायचं विसरलो. मी चूक केली आणि लपवली. तू तीच चूक उजेडात धरलीस आणि तिच्यातून कामाची गोष्ट काढलीस, आणि मला त्या साहेब लोकांत उघडं पडू दिलं नाहीस. हे शिक्षण कुठल्या कॉलेजात मिळतं ते मला ठाऊक नाही. माझ्याकडून तर मिळालेलं नाही.

पहिल्या गाड्यांत लिथियम जाणार आणि सोडियम सहा महिने मागं गेलं, हेही सरांनी सांगितलं. तुझ्या जागेचं तोवर लांबणीवर पडलं. त्याचं मला फार वाईट वाटतं आणि ते वाटतच राहणार. जाता जाता सर हसून म्हणाले की दोन पूर्णांक चारला तुझ्या सेलचं पाव पोटही भरत नाही. मी ज्याला गळ्यापर्यंत म्हणत होतो तो नुसता चहा होता. पस्तीस वर्षांचा अनुभव असा जिरला.

सर गेल्यावर दुकान बंद केलं आणि तू मार्चमध्ये नेलं होतंस त्याच लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं. रिपोर्ट सोबत जोडलाय. आकडा मार्चपेक्षा जास्त आहे असं वाटतं, पण मार्चचा कागद मी फाडला, त्यामुळं तूच पडताळून बघ. हा फाडलेला नाही.

तुझा पप्पा

शहागंज, १२ नोव्हेंबर २०२५

करुणा,

काल सर नवी पेटी ठेवून गेले. पट्ट्या आता झाकणाच्या आत बंद केल्यात, मला दिसतही नाहीत. नवी वहीही मिळाली. तापमानाशेजारी तू एक रकाना वाढवलायस, "आज हात लावला?" काल लिहिलं, नाही. आजही नाही. दोनदा शिडीपर्यंत जाऊन आलो, पण त्याला रकाना नाही म्हणून ते इथं लिहितो.

पेटीवर तुझी चिठ्ठी चिकटवलेली होती, आठ महिन्यांनी आलेली. आईनं ती माझ्या हातातून ओढून घेतली, म्हणून आधी तिनं वाचली, मग मी. "पप्पा, रिपोर्ट बघितला. शिसं वितळवणं आजपासून बंद. डॉक्टरांची वेळ घेतलीय, सोमवारी मी न्यायला येते. आणि एक काम आहे. गॅरेजवाल्यांसाठी बॅटरीवर लेबल लावायचंय. त्या दिवशी पेटीवर काय लिहिलेलं असतं तर तुम्ही थांबला असता? एकच ओळ द्या."

शिसं वितळवायची कढई कालच भंगारात दिली. कारभारी टेम्पोतून घेऊन गेला. जुन्या बॅटऱ्या आता नुसत्या तपासतो आणि चार्ज करतो. उघडायची असली की परत पाठवतो. गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.

लेबलाचं कालपासून चाललंय. "धोका" लिहू नकोस, धोका वाचून मेकॅनिकला चेव येतो. "कंपनीच्या परवानगीशिवाय" लिहिलंस तर कुणी पुढं वाचणार नाही. "शून्य म्हणजे बिघाड नाही" हे खरं आहे, पण मीटरवर शून्य बघितलेल्या माणसाला ते पटायला वेळ लागतो. आई म्हणाली, "तुमी गिऱ्हाइकाला रोज काय सांगता? तेच लिवा की." तिचं बरोबर निघालं, नेहमीसारखं. म्हणून ही ओळ घे. मोठ्या अक्षरात छाप, मराठीत आणि हिंदीतही.

"मेली नाही, झोपली आहे. उठवू नका."

शहागंजातला कुठलाही बॅटरीवाला हे वाचून हात मागं घेईल. माझी गॅरंटी आहे.

पण तू मी थांबलो असतो का असं विचारलंस, आणि तुझ्याशी आता पुन्हा खोटं बोलायचं नाही. या ओळीनं मी थांबलो नसतो. त्या दिवशी मी बॅटरी उठवायला वर गेलोच नव्हतो. तुझं काहीतरी जपायचं होतं आणि हाताशी तेवढेच सहा सेल होते. पेटीवर तुझ्या आत्ताच्या चिठ्ठीतली तीन अक्षरं असती, "मी येते", तर झाकण न उघडता खाली आलो असतो आणि आईला तुझ्या आवडीची शेंगदाण्याची चटणी करायला सांगितली असती.

ते लेबलावर छापू नकोस. सोमवारी ये.

तुझा पप्पा